पैसे आलेच नाहीत, तर कमिशन कशाचं?

प्रति,
ऑनलाइन लिलावाची संकेतस्थळं चालवणाऱ्या कंपन्यांचे शुल्क व धोरण विभाग,
तसेच
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : खरेदीदाराने पैसे बुडवल्यावर विक्रेत्याकडून घेतलेलं शुल्क परत करण्याबाबत



ऑनलाइन लिलावात सर्वांत मोठी बोली लावणारा पैसे न देता गायब होतो, तेव्हा त्या न झालेल्या विक्रीवरचं कमिशन परत मिळवण्यासाठी विक्रेत्याला तुमच्या मागे लागावं लागतं. मागणी करायची, ती ठरलेल्या मुदतीत करायची, व्यवहार रद्द करण्याचं नेमकं कारण यादीतून निवडायचं आणि मग वाट पाहायची. माझं म्हणणं आधीच सांगते. खरेदीदाराचे पैसे तुमच्याकडे जमा होईपर्यंत कमिशन लावूच नका. लावलं असेल तर व्यवहार मोडला त्याच दिवशी, कुणी न मागता, पूर्ण परत करा. पूर्ण म्हणजे जाहिरातीचे, ठळक अक्षरांचे, राखीव किमतीचे असे त्या विक्रीच्या नावाने घेतलेले सगळेच पैसे.

मी पुण्यात राहते आणि जुन्या सिनेमांचे कागद विकते. गाण्यांच्या पुस्तिका, लॉबी कार्डं, पोस्टरं, तबकड्यांची कव्हरं. घेणारे बहुतेक परदेशात असतात. कुणी पन्नास वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेलेला मराठी माणूस, कुणी हिंदी सिनेमाच्या छपाईचा नाद लागलेला युरोपातला संग्राहक. पंच्याहत्तर वर्षांपेक्षा जुना कागद मी देशाबाहेर पाठवत नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात जुन्या दस्तऐवजांसाठी ती मर्यादा आहे आणि ती असायलाच हवी. त्यामुळे माझा माल साठ-सत्तरच्या दशकांतला. उदाहरण म्हणून 1972 च्याच 'पिंजरा'ची गाण्यांची पुस्तिका घ्या. पिवळा पडलेला पातळ कागद, मधोमध दोन पिना, पिनांभोवती गंजाचे तपकिरी डाग. ती लिलावात लावायची म्हणजे आधी पानन् पान स्कॅन करायचं. गंजाचा डाग जवळून वेगळा टिपायचा, कारण तो लपवला तर माल परत येतो. कोपरा दुमडलेला असेल तर तसं लिहायचं, वजन करून टपालखर्च ठरवायचा. मग सात दिवस बोली चालते आणि खरी चढाओढ शेवटच्या काही मिनिटांत होते. संपल्यावर 'विकलं गेलं' असा संदेश येतो. पुस्तिका बटर पेपरात गुंडाळून, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून मी बाजूला काढते. त्यानंतर कित्येकदा काहीच होत नाही. पैसे येत नाहीत, निरोपाला उत्तर येत नाही.

अशा एका व्यवहारात माझ्या खात्याच्या उताऱ्यावर काय दिसलं ते सांगते. त्या संकेतस्थळाचं नाव देत नाही, कारण मला भांडण एका कंपनीशी करायचं नाही. विक्रीची रक्कम 'येणे' या रकान्यात होती आणि कमिशन मात्र वजा झालेलं होतं. शिवाय ती वस्तू वरच्या जागी दाखवण्यासाठी घेतलेलं जाहिरात-शुल्कही वजा. दाद मागितल्यावर कमिशन परत आलं, तेही पुढच्या शुल्कात वळतं होणारी रक्कम म्हणून. जाहिरातीचे पैसे आलेच नाहीत. 'जाहिरातीतून ग्राहक मिळाला होता' असं उत्तर मिळालं. ज्याने दमडी दिली नाही त्याला तुम्ही ग्राहक म्हणता आणि मी त्याचे पैसे भरायचे, हे मला आजही पटलेलं नाही.

या धंद्यातली जुनी आणि मोठी कंपनी ईबे. तिचे नियम सगळ्यांना वाचायला खुले आहेत, म्हणून हिशेब तिथलाच मांडते. 2025 च्या फेब्रुवारीपासून अमेरिकेत दुकानाची वर्गणी न भरलेल्या विक्रेत्याला बहुतेक वस्तूंवर 13.6 टक्के कमिशन पडतं, वर दहा डॉलरपेक्षा मोठ्या प्रत्येक ऑर्डरमागे 40 सेंट. हे 13.6 टक्के वस्तूच्या किमतीवर नसतात. टपालखर्च आणि खरेदीदाराकडून घेतलेला विक्रीकर धरून जी बेरीज होते तिच्यावर असतात. समजा वस्तू शंभर डॉलरची, टपाल वीस, कर आठ. कमिशन 128 डॉलरवर लागतं, म्हणजे 40 सेंट धरून सुमारे 17 डॉलर 81 सेंट. टपालाचे वीस डॉलर टपालखात्याला जातात, कराचे आठ तर विक्रेत्याच्या हाताला लागतही नाहीत, तरी त्यांच्यावरचं कमिशन तोच भरतो. व्यवहार पुरा झाला तर एक वेळ हेही चालवून घेऊ. व्यवहार झालाच नाही, तर हे सतरा-अठरा डॉलर कशाचे?

ईबेने हे शुल्क परत करण्याची सोय फार पूर्वीपासून ठेवली आहे, हे कबूल करायलाच हवं. पण ती होती कशी? कित्येक वर्षं विक्रेत्याने आधी दोन दिवस थांबायचं, मग 'पैसे मिळाले नाहीत' अशी केस उघडायची, खरेदीदाराला आणखी चार दिवस द्यायचे आणि नंतर ती केस स्वतःच बंद करायची. विक्रीपासून 32 दिवसांच्या आत उघडायची आणि 36 व्या दिवसापर्यंत बंद करायची. बंद करायला विसरलात, आजारी पडलात, घरात कार्य निघालं, की शुल्क गेलं. खरेदीदाराने पैसे दिले नाहीत हे तर सिद्धच असायचं, तरी एक बटण दाबलं नाही म्हणून पैसे कंपनीकडे राहायचे. आता तिथे नियम सोपे झाले आहेत. चार दिवस थांबा, पाचव्या दिवसापासून व्यवहार रद्द करा. आपोआप रद्द करण्याची सोयही सुरू करून ठेवता येते. काही लिलावांत बोली लावण्याआधीच कार्ड जोडायला लावतात. ही सुधारणा चांगली आहे आणि ती झाली म्हणजे ती करता येते, हे बाकीच्यांनी ध्यानात घ्यावं. मात्र राखीव किंमत ठेवण्याचं शुल्क वस्तू विकली काय, न विकली काय, आजही परत मिळत नाही.

केस उघडा, केस बंद करा ही पद्धत मुळात आली कुठून? 1995 मध्ये पिएर ओमिडयार यांनी 'ऑक्शनवेब' सुरू केलं, तेव्हा खरेदीदार चेक किंवा मनीऑर्डर टपालाने थेट विक्रेत्याकडे पाठवायचा. पैसे पोहोचले की नाही हे कंपनीला कळायला मार्ग नव्हता. विक्रेत्याने सांगितलं तरच कळणार. 2002 मध्ये कंपनीने पेपाल विकत घेतली, 2015 मध्ये ती वेगळी झाली आणि 2018 पासून ईबेने भरणा हळूहळू स्वतःच्या हातात घेतला. 2021 पर्यंत हे काम जवळपास पुरं झालं. आज खरेदीदाराचे पैसे आधी कंपनीकडे जमा होतात, त्यातून कमिशन कापलं जातं आणि उरलेली रक्कम विक्रेत्याला मिळते. म्हणजे पैसे आले की नाहीत हे सगळ्यांच्या आधी कुणाला कळत असेल, तर कंपनीला. आज बहुतेक मोठ्या संकेतस्थळांचं असंच चालतं. मग जी गोष्ट तुमच्या संगणकाला क्षणात माहीत असते, ती मी तुम्हाला मुदतीच्या आत, ठरावीक रकान्यात, योग्य कारण निवडून का सांगायची? या पद्धतीमागचं कारण कधीच संपलं. उरला फक्त विक्रेत्यावरचा बोजा.

तुमचा यावरचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. काही विक्रेते खरेदीदाराशी बाहेरून संधान बांधतात. 'पैसे आले नाहीत' म्हणून व्यवहार रद्द दाखवायचा, रक्कम परस्पर घ्यायची, माल पाठवून द्यायचा आणि कमिशन वाचवायचं. असे लोक आहेत. त्यांच्यामुळे प्रामाणिक विक्रेत्याचंही नाव खराब होतं. पण त्यांना पकडायची साधनं तुमच्याकडेच आहेत. कोणत्या विक्रेत्याचे व्यवहार वरचेवर रद्द होतात, त्याच खरेदीदाराशी पुन्हा होतात का, रद्द झालेली वस्तू पुन्हा लिलावात येते की कायमची नाहीशी होते, हे सगळं तुमच्या नोंदींत आहे. माझी पुस्तिका आठवड्याभरात पुन्हा लिलावात लागलेली असते. ती मी कुणाला गुपचूप विकली नाही याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? चोर शोधा, जरूर शोधा. त्यासाठी प्रत्येक विक्रेत्याकडून आगाऊ दंड घेऊन ठेवू नका.

आता अशा नुकसानीबद्दल बोलते, जे तुमच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. पैसे न देणारा बोली लावतो तेव्हा तो भाव चढवतो. शेवटच्या पाच मिनिटांत त्याच्यामुळे दुसरा खरा बोलीदार आपल्या मर्यादेपर्यंत ओढला जातो आणि तरीही हरतो. खरेदीदार पळाला की तुम्ही मला सुचवता, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्याच बोलीच्या भावात वस्तू देऊ करा. पण ती बोली उभी राहिली ती पळालेल्या माणसाच्या चुरशीमुळे. तो माणूस लिलावात नसता तर भाव कदाचित निम्म्यावर थांबला असता. हे त्या दुसऱ्यालाही कळतं, म्हणून तो बहुतेक वेळा नाही म्हणतो, आणि तो नाही म्हणाला तर मी त्याला दोष देणार नाही. तो हो म्हणाला तर तुम्ही त्या विक्रीवर पुन्हा पूर्ण कमिशन घेता. तो नाही म्हणाला तर वस्तू पुन्हा लिलावात लावायची. आमचं हे जग लहान आहे. तीच पुस्तिका, तोच गंजाचा डाग दुसऱ्यांदा दिसला की संग्राहकांना शंका येते, काहीतरी खोट असेल म्हणून परत आली असेल. दुसऱ्यांदा भाव उतरतो. हे नुकसान तुम्ही भरून द्या असं मी म्हणत नाही, ते मोजताही येणार नाही. पण निदान त्यावर आणखी कमिशनचा भार तरी घालू नका.

हा प्रकार फक्त आमच्यासारख्या किरकोळ विक्रेत्यांच्याच वाट्याला येतो असंही नाही. 2009 च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात बीजिंगच्या जुन्या उन्हाळी राजवाड्यातली उंदीर आणि सशाची कांस्य शिरं काही कोटी युरोंना गेली, आणि बोली जिंकणाऱ्या चिनी गृहस्थांनी पैसे द्यायला जाहीर नकार दिला. त्यांची बोली मुळात निषेध म्हणूनच होती. 2010 मध्ये लंडनच्या रुइस्लिप भागातल्या बेनब्रिजेस या छोट्या लिलावगृहात एक चिनी फुलदाणी 4 कोटी 30 लाख पौंडांना गेली. लिलावगृहाचा अधिभार धरून 5 कोटी 16 लाख. पैसे आलेच नाहीत. शेवटी 2013 मध्ये बोनहॅम्समार्फत ती खासगी व्यवहारात, बऱ्याच कमी भावात विकली गेली. त्यानंतर मोठ्या चिनी वस्तूंच्या लिलावांत बोली लावण्याआधी अनामत मागण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ झाली.

आपल्याकडे बँका हा धडा फार आधीपासून गिरवतात. कर्ज थकल्यावर जप्त केलेल्या घरांचा, दुकानांचा ई-लिलाव सरफेसी कायद्याखाली होतो. बोली लावायलाच बयाणा भरावा लागतो. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी रकमेचा पंचवीस टक्के हिस्सा, आणि उरलेले पंधरा दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळते, पण तिलाही कमाल मर्यादा आहे. पैसे भरले नाहीत तर भरलेली रक्कम जप्त आणि मालमत्ता पुन्हा लिलावात. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशी जप्ती योग्य ठरवली. बँकेला पैशांशिवायची बोली मान्य नाही, सरकारला मान्य नाही. छोट्या विक्रेत्याने मात्र ती मान्य करायची आणि वर तिच्यावर कमिशनही भरायचं.

कायद्याने माझ्या हातात काही नाही असंही नाही. 1930 च्या माल विक्री कायद्यात पैसे न मिळालेल्या विक्रेत्याचे हक्क स्पष्ट लिहिले आहेत. तो माल रोखून धरू शकतो, नोटीस देऊन पुन्हा विकू शकतो, आणि दुसऱ्या विक्रीत तोटा झाला तर तो पहिल्या खरेदीदाराकडून मागू शकतो. पण चाळीस डॉलरच्या पुस्तिकेसाठी पुण्याहून टेक्सासच्या माणसावर दावा कोण लावणार? त्याचं खरं नाव, त्याचा पत्ता, त्याचं कार्ड तुमच्याकडे आहे. माझ्याकडे टोपणनाव आहे. हा हक्क प्रत्यक्षात वापरू शकेल असं कुणी असेल तर ते तुम्हीच. म्हणून बोली लावतानाच कार्डावर ठरावीक रक्कम अडवून ठेवा आणि पैसे न देणाऱ्याची ती रक्कम कापा. तुमचं कमिशन तुम्हाला हवंच असेल तर तिथून घ्या. व्यवहार ज्याने मोडला त्याच्याकडून.

विक्रेत्याने खरेदीदाराला द्यायच्या अभिप्रायाबद्दल फार लांबण लावत नाही. 2008 पासून ईबेवर विक्रेता खरेदीदाराला वाईट शेरा देऊ शकत नाही. सूडाचे शेरे थांबावेत म्हणून तो बदल झाला आणि त्यात तथ्य होतं. पण मग बुडव्याची नोंद तुमच्याकडे तरी चोख हवी. आज त्याने 'माफ करा, रद्द करा' एवढं लिहिलं आणि विक्रेत्याने भलेपणाने 'खरेदीदाराच्या विनंतीवरून' हे कारण निवडलं, की त्याच्या खात्यावर काहीच लागत नाही. गुपचूप पळणं आणि असं रद्द करायला लावणं, दोन्हींचा परिणाम माझ्यासाठी सारखाच असतो. तुमच्या नोंदीतही तो सारखाच दिसायला हवा.

आता दोन शब्द दिल्लीला.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांत खरेदीदाराची चांगली काळजी घेतली आहे. त्याने ऑर्डर रद्द केली तर कंपनी त्याच्याकडून रद्दीकरणाचं शुल्क घेऊ शकत नाही, जोवर कंपनीने ऑर्डर रद्द केल्यावर ती स्वतः तसंच शुल्क सोसत नाही. चांगला नियम आहे. पण खरेदीदार पळून गेल्यावर विक्रेत्याचं शुल्क परत मिळावं, याबद्दल त्यात अक्षर नाही. मी जिल्हा ग्राहक आयोगात गेले तर तिथली अडचण आणखी मूळची आहे. 1986 च्या जुन्या ग्राहक कायद्यात, 2002 च्या दुरुस्तीनंतर, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू आणि घेतलेल्या सेवा, दोन्ही 'व्यापारी हेतू'तून वगळल्या होत्या. 2019 च्या कायद्यात त्या स्पष्टीकरणातून सेवा गळल्या, वस्तू तेवढ्या राहिल्या. शिलाई मशीन घेतलेली बाई आजही ग्राहक ठरू शकते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी लिलावाच्या संकेतस्थळाची सेवा घेणाऱ्या बाईला मात्र ती ग्राहक कशी, हेच आधी सिद्ध करावं लागतं. घरबसल्या विक्री करणाऱ्यांची संख्या वाढत असताना ही फट बुजवणं तातडीचं आहे. करखात्याने न झालेल्या विक्रीचं तत्त्व आधीच मानलं आहे. ई-कॉमर्स कंपनी विक्रेत्याच्या वतीने जो कर गोळा करते, तो परत आलेला माल वजा करून उरलेल्या विक्रीवरच लागतो, आणि त्याचा दर 10 जुलै 2024 पासून अर्धा टक्का आहे. सरकार स्वतःचा कर न झालेल्या विक्रीवर घेत नाही. मग कंपन्यांना कमिशन तरी का घेऊ द्यावं?

भारतात लिलावाचा मोठा बाजार एकदा उभा राहिला होता. 2004 मध्ये ईबेने बाझी डॉट कॉम विकत घेतली. पुढे पैसापे नावाची सोय आली, तीत खरेदीदाराचे पैसे आधी कंपनीकडे जमा व्हायचे आणि मग विक्रेत्याला मिळायचे. 2018 च्या ऑगस्टमध्ये ईबेचं भारतातलं संकेतस्थळ बंद झालं आणि आमच्यासारखे विक्रेते परदेशी बाजारांकडे वळले. उद्या इथे कुणी नवं संकेतस्थळ सुरू करील, तेव्हा त्याने हा एक नियम पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मागण्या पुन्हा लिहून काढते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. पैसे जमा झाल्यावरच कमिशन. व्यवहार मोडला तर अर्जाविना, मुदतीविना सगळी शुल्कं परत, आणि ती ज्या खात्यातून कापली त्याच खात्यात रोख. पैसे न देणाऱ्याच्या कार्डावर अडवलेली रक्कम. आणि ग्राहक कायद्याच्या स्पष्टीकरणात 'सेवा' परत.

कोणत्याही कंपनीच्या धोरण विभागाने किंवा मंत्रालयातल्या अधिकाऱ्याने उत्तर पाठवलं, तर ते मी याच पानावर, एक शब्दही न बदलता छापायला देईन.

कळावे,

आपली,
जुन्या सिनेमांचे कागद विकणारी एक विक्रेती,
पुणे